हा सन्मान माझा नाही? मग कोणाचा?

चौकात सत्काराचा फ्लेक्स लागलेला असतो. माणसाच्या दुप्पट उंचीचा फोटो, वर ‘समाजभूषण’, खाली शुभेच्छुकांच्या गोल चकत्या. त्याच संध्याकाळी सभागृहात त्याच माणसाचं भाषण होतं, ‘‘मी तर एक अत्यंत छोटा कार्यकर्ता.’’ यावर सोलापुरातल्या कुठल्याही चहाच्या गाड्यावर एकच प्रश्न निघेल, ‘‘एवढं छोटं हायेस तर एवढा मोठा फ्लेक्स कशाला बे?’’

मला हा प्रश्न नुसता टवाळीचा वाटत नाही. तो सार्वजनिक आहे, कारण आपले सत्कारही सार्वजनिक असतात. हुतात्मा स्मृती मंदिर असो, फडकुले सभागृह असो की एखाद्या सोसायटीच्या मोकळ्या जागेतला मांडव, भाषण एकच. ‘हा सत्कार माझा नसून तुम्हा सर्वांचा आहे.’ ‘मी निमित्तमात्र.’ ‘माझा फक्त खारीचा वाटा.’ ‘या पुरस्काराला मी पात्र आहे की नाही, मला माहीत नाही, पण नम्रपणे स्वीकारतो.’ वाचन असलेला वक्ता असेल तर ‘मी तंव हमाल भारवाही’ हा तुकोबांचा चरणही येतो. आणि एवढं सगळं झाल्यावर हा भारवाही हमाल पुढची पस्तीस मिनिटं स्वतःबद्दल बोलतो. (खारीचा वाटा हा शब्दप्रयोग तर मला नेहमीच गंमतीचा वाटत आला आहे. कथेतल्या खारीनं आपला वाटा किती, हे स्वतः कुठं सांगितलं होतं? तो रामानं ओळखला.)

आधीच सांगतो, माझी तक्रार संकोचानं अडखळणाऱ्या माणसाबद्दल नाही. आयुष्यात पहिल्यांदा माईकसमोर उभी राहिलेली अंगणवाडी सेविका ‘मी काय एवढं केलंय’ म्हणाली, तर ते खरं असतं. शाल खांद्यावरून घसरत असताना माणसाला दुसरं सुचत नाही. माझी तक्रार आहे ती ही वाक्यं सवयीनं, सराईतपणे आणि सोयीसाठी वापरणाऱ्यांबद्दल. त्यांच्या तोंडी नम्रता हा गुण उरत नाही, ती एक सोय होते. आणि त्या सोयीची किंमत दुसरंच कुणीतरी मोजतं.

एक साधी गोष्ट घ्या. बरेच पुरस्कार आज अर्ज करून मिळतात. त्यात काही गैर नाही. शिक्षकांच्या राष्ट्रीय पुरस्कारासाठी २०१८पासून शिक्षक स्वतःच ऑनलाइन अर्ज भरतात. पद्म पुरस्कारांसाठीही स्वतःचं नामांकन स्वतः पाठवण्याची मुभा आहे. ज्याचं काम दूरच्या वाडीवर चाललंय, ज्याची शिफारस करायला कुणी वजनदार माणूस नाही, त्याच्यासाठी ही सोय चांगलीच म्हणायची. पण मग कात्रणं लावून, फोटो चिकटवून, दाखले जोडून, जाडजूड फाइल तयार करून पाठवलेल्या माणसानं व्यासपीठावर ‘माझ्यासारख्या सामान्य माणसाची निवड कशी झाली, हेच कळत नाही’ असं म्हणू नये. तुम्हाला नक्की कळतं. फाइल तुमचीच होती. ‘मी अर्ज केला होता, माझं काम त्या तोडीचं आहे असं मला वाटत होतं, परीक्षकांनाही तसंच वाटलं, आनंद झाला’ असं एखाद्यानं सरळ सांगितलं, तर सभागृहात कुणीही त्याला गर्विष्ठ म्हणणार नाही. उलट मागच्या रांगेतली एखादी तरुण शिक्षिका विचार करील, अच्छा, अर्ज करायचा असतो तर.

पद्म पुरस्काराचीच आणखी एक गंमत. तो किताब नव्हे, नावाच्या आधी किंवा नंतर लावायचा नसतो, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९५ साली स्पष्ट केलं. तरी निमंत्रणपत्रिकांवर तो नावाला चिकटलेला दिसतोच. तिथं कुणाची नम्रता आडवी येत नाही.

सगळ्यात जास्त वापरलं जाणारं वाक्य म्हणजे ‘हा सन्मान तुम्हा सर्वांचा आहे’. ऐकायला उदार. टाळ्या हमखास. पण यात प्रत्यक्षात कुणाला काय मिळतं? शाल वक्त्याच्या खांद्यावर, स्मृतिचिन्ह वक्त्याच्या गाडीत, उद्याच्या पेपरात फोटो वक्त्याचा. ‘सर्वांना’ मिळतो तो अल्पोपाहार. श्रेय सगळ्यांना वाटून टाकलं की ते नेमकं कुणालाच द्यावं लागत नाही, ही या वाक्यामागची खरी मेख आहे.

आपल्या शहराला तरी हे कळायला हवं. इथं पाहुण्याला सोलापुरी चादर देण्याची पद्धत आहे. त्या चादरीला भौगोलिक मानांकन आहे, कोपऱ्यात कारखानदाराचं लेबल आहे. मागावर उभं राहून ती विणणाऱ्याचं नाव मात्र कुठंच नसतं. एखाद्या उद्योजकाचा सत्कार होतो आणि तो ‘हे माझ्या सर्व कामगार बंधू-भगिनींचं यश आहे’ म्हणतो, तेव्हा एकाचं तरी नाव तो घेतो का? अमुक मास्तरनं डिझाइन बसवलं, तमक्या जॉबरनं बंद पडलेला माग रात्रीत चालू केला, असं कधी ऐकलंय? सामूहिक कौतुकात माणसं दिसेनाशी होतात. ‘सर्व ज्ञात-अज्ञात’ हा तर आभारप्रदर्शनातला सर्वांत आळशी शब्दप्रयोग आहे. ज्यांची नावं आठवायचे कष्ट घ्यायचे नाहीत, ते सगळे अज्ञात.

ज्या सभागृहात हे सगळं चालतं त्याला ‘हुतात्मा’ हे नाव चौघांमुळे मिळालं. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात त्यांना फाशी झाली. १९३०मध्ये ब्रिटिशांनी सोलापुरात मार्शल लॉ लावला, त्या दिवसांत रस्त्यावर उतरलेली माणसं हजारो होती, पण शहरानं चौघांना ‘सर्व सोलापूरकर’ या शब्दात गुंडाळलं नाही. चार नावं, चार पुतळे, वर्षातून एकदा तरी चौघांचा वेगवेगळा उच्चार. कृतज्ञता अशी नावानिशी असते.

आता कुणी म्हणेल, मोठी माणसंही ‘हे श्रेय माझं नाही’ असंच म्हणत आली आहेत. म्हणत आली आहेत, आणि नेमकं कसं म्हणत आली आहेत ते पाहण्यासारखं आहे. २५ नोव्हेंबर १९४९ला संविधान सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी समारोपाचं भाषण केलं. त्याआधी अनेक सदस्यांनी त्यांचं तोंडभरून कौतुक केलं होतं. बाबासाहेब म्हणाले की मला दिलं जाणारं श्रेय खरं तर माझं नाही. इथपर्यंत आपल्या सत्कारमूर्तींचंच वाक्य. फरक पुढच्या वाक्यापासून सुरू होतो. श्रेयाचा काही भाग सर बी. एन. राव यांचा, कारण मसुदा समितीच्या विचारासाठी कच्चा मसुदा त्यांनी तयार केला. त्याहून मोठा वाटा मुख्य मसुदाकार एस. एन. मुखर्जी यांचा, कारण अत्यंत गुंतागुंतीचे प्रस्ताव सोप्या आणि स्पष्ट कायदेशीर भाषेत मांडण्याची त्यांची हातोटी. मग मुखर्जींच्या हाताखालचे कर्मचारी, जे कधीकधी मध्यरात्रीनंतरही काम करत राहिले. मसुदा समितीत आपल्यापेक्षा मोठी, अधिक लायक माणसं होती असं सांगताना त्यांनी अल्लादी कृष्णस्वामी अय्यर यांचं नाव घेतलं. सभागृहात आपल्याला विरोध करणाऱ्या सदस्यांचीही नावं घेऊन आभार मानले.

कोण, काय, कशासाठी. वाटणी अशी केली जाते. आणि हे करताना त्यांनी संविधानाची जबाबदारी झटकली नाही. त्याच भाषणात त्यांनी टीकेला मुद्देसूद उत्तर दिलं, पुढे काय बिघडू शकेल याचे इशारे दिले, राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते हे बजावलं. त्यांच्या स्वतःच्या श्रमांबद्दल सांगायचं काम दुसऱ्यांनी केलं होतं. वर्षभर आधी, नोव्हेंबर १९४८मध्ये, टी. टी. कृष्णम्माचारींनी समितीतल्या सात जणांपैकी कोण गेलं, कोणी राजीनामा दिला, कोण दूर होतं याचा पाढा वाचून, मसुद्याचा भार अखेर एकट्या आंबेडकरांवर कसा पडला ते सभागृहाला सांगितलं होतं. कौतुक करणाऱ्यानं तपशील द्यायचा, कौतुक घेणाऱ्यानंही तपशील द्यायचा. अशा ठिकाणी पोकळ नम्रतेला जागाच उरत नाही.

आपल्या सोलापूरचंच उदाहरण हवं असेल तर २००६ साली इथं भरलेल्या ७९व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष, याच मातीतले अरण्यलेखक मारुती चितमपल्ली. रानाबद्दल जे कळलं त्यातलं बरंचसं आदिवासींकडून, पारध्यांकडून शिकलो, हे ते सांगत आले. कोणत्या माणसानं कोणता पक्षी दाखवला इतक्या बारकाईनं. आणि स्वतःला जे ठाऊक होतं ते ठाऊक आहे असंही सांगत आले. ‘मला काय कळतं’ असला आव त्यांना आणावा लागला नाही.

राजकारणाच्या व्यासपीठावर हीच नम्रता आणखी एक काम करते, आणि ते जास्त घातक आहे. ‘मी निमित्तमात्र, सगळं तुमच्या आशीर्वादानं.’ गीतेत हा शब्द लढाईच्या तोंडावर अर्जुनाला उद्देशून येतो, त्याला उठवून लढायला लावण्यासाठी. नंतर त्याला अठरा दिवस लढावंही लागलं. आपल्याकडे तो काम संपल्यावर, हार गळ्यात पडताना येतो. रस्ता झाला तर मी निमित्तमात्र, आणि नळाला चार-पाच दिवसांआड पाणी आलं तरी मी निमित्तमात्रच, मग प्रशासन, निधी, उजनीची पातळी, मागचे लोक. यशातून नम्रपणे बाजूला झालेला माणूस अपयशातूनही त्याच दाराने बाहेर पडतो. म्हणून मतदारानं या नम्रतेवर खूश होऊ नये. ‘हे मी केलं’ म्हणणाऱ्या नेत्याला ‘मग ते का नाही केलंस’ असं विचारता तरी येतं.

यावर नेहमीचा आक्षेप आपल्या संस्काराचा. ‘आपली आपण करी स्तुती... तो येक मूर्ख’ हे दासबोधातलं मूर्खलक्षण शाळेतच पाठ झालेलं असतं. बरोबर आहे. पण समर्थांनी तिथं आत्मस्तुतीला मूर्खपणा म्हटलं आहे, दुसऱ्यानं केलेल्या योग्य कौतुकावर खोटं बोलायला सांगितलेलं नाही. आणि संतांच्या नम्रतेचा दाखला देणाऱ्यांनी तो पुरा द्यावा. ‘अणुरेणिया थोकडा’ म्हणणारे तुकोबा त्याच ओळीत ‘तुका आकाशाएवढा’ म्हणतात. भारवाही हमाल म्हणताना माल धन्याचा आहे, हे आधी सांगतात. आपल्या वक्त्यांच्या भाषणातून धनी गायब असतो, फक्त हमाली उरते, तीही मानाची.

स्तुतीची खरी भीती काय असते, हे बसवण्णांच्या एका वचनात आहे. सोलापुरात कन्नड घरातून ते अनेकांनी ऐकलं असेल. माझ्याच माणसांनी प्रेमानं माझी स्तुती करकरून मला सोन्याच्या सुळावर चढवलं, असं ते म्हणतात. ही स्तुती मला खाते आहे, सोसवत नाही, कूडलसंगमदेवा, माझं भलं चिंतत असशील तर माझ्या स्तुतीच्या आडवा ये. यात ‘मी लहान’ असं कुठंही नाही. वेदना आहे. ज्याला स्तुती खरोखर बोचते तो असं बोलतो. आपला सत्कारमूर्ती ‘लाजवू नका’ म्हणतो आणि सूत्रसंचालकाकडे आणखी दोन ओळींसाठी पाहतो.

सोलापूरच्या ग्रामदैवताशीच जोडलेली एक कथा पंधराव्या शतकातल्या ‘शून्यसंपादने’ या कन्नड ग्रंथात येते. सिद्धरामेश्वर सोन्नलगीत, म्हणजे तेव्हाच्या सोलापुरात, तळं खोदून घेत होते. शरण संत अल्लमप्रभू तिथं आले आणि कामकऱ्यांना विचारलं, तुमचा ओड्डराम कुठे आहे? ओड्ड म्हणजे माती-दगडाचं काम करणारा. आपल्या गुरूला असं म्हटलं म्हणून ती माणसं खवळली आणि त्यांनी अल्लमांवर दगडांचा वर्षाव केला. कथेचा आध्यात्मिक अर्थ जाणकार सांगतील. मला नेहमी वाटतं ते एवढंच की दगड फेकणारे स्वतःच दगड-मातीचं काम करत होते, आणि तरीही त्यांना ते नाव गुरूचा अपमान वाटलं. थोरल्याला आपल्या कामाचं नाव नको, पदवी हवी, हे भक्तांना तेव्हापासून वाटत आलं असावं. आजही ‘यांनी तळं खोदलं’ यापेक्षा ‘यांचं कार्य सागरासारखं’ हे ऐकायला बरं वाटतं.

आणखी एक गोष्ट, जिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. नम्र राहण्याची सक्ती सगळ्यांवर सारखी नसते. मोठा माणूस ‘मी कसला मोठा’ म्हणतो तेव्हा त्याचं काहीच कमी होत नाही. सोलापूरच्या पूर्व भागातली विडी कामगार बाई हजार विड्यांमागे मजुरी घेते. वळण कसं आहे, पान कसं कापलं आहे, यावर तिच्या विड्या पास होतात किंवा छाटल्या जातात. ‘माझा हात चांगला आहे, माझ्या विड्या छाटायचं कारण नाही’ हे तिनं ठणकावून सांगितलं नाही तर तिचे पैसे जातात. पण तसं सांगितलं की ती ‘लई बोलणारी’ ठरते. शिवणकाम करणारी, डबे करणारी, घरकाम करणारी, सगळ्यांची हीच गत. ‘मला कुठं एवढं येतंय ताई’ असं म्हटलं की ताई लगेच दर पाडते. ज्यांना आपली लायकी मोठ्यानं सांगण्याची गरज आहे त्यांना आपण नम्रता शिकवतो, आणि ज्यांना ती परवडते ते तिचा अलंकार करून मिरवतात.

घरात तर ही सक्ती दुसऱ्याच्या वतीनं केली जाते. मुलीला दहावीत चांगले गुण पडले, शेजारी पेढे घ्यायला आले, ‘हुशार आहे हो तुमची पोरगी’ म्हणाले. आई-बाबा पटकन, ‘कसली हुशार, नशीब चांगलं, पेपर सोपे गेले.’ ती पोरगी तिथंच पाण्याचा ग्लास घेऊन उभी असते. पहाटे उठून अभ्यास तिनं केला, नम्र आई-बाबा झाले, आणि श्रेय गेलं नशिबाला. हीच मुलगी पुढे मुलाखतीला गेली आणि ‘तुमच्या जमेच्या बाजू सांगा’ म्हटल्यावर गप्प बसली, तर दोष कुणाचा? ‘हो, खूप अभ्यास केला तिनं. गणितासाठी शेजारच्या दादानं मदत केली’ एवढं म्हणायला काय हरकत आहे?

पेललेला मान कसा दिसतो, हे पाहायला सोलापूरकराला लांब जावं लागत नाही. सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत सात नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच काठ्या, निघतात. पहिला मान हिरेहब्बूंचा, मग क्रमानं बाकीचे. कुणी ‘मी या मानाला पात्र नाही’ म्हणत मागे सरत नाही. मान आहे म्हणजे काठी पेलायची आहे, त्यासाठी आधी सराव करायचा आहे, गर्दीत ती सरळ धरून चालायची आहे. आणि खांदा देणारे सोबत असतात, ते सगळ्यांना दिसतात. किंवा परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे रणजितसिंह डिसले घ्या. २०२० साली ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, दहा लाख डॉलरचं. त्यांनी अर्धी रक्कम अंतिम फेरीतल्या उरलेल्या नऊ शिक्षकांत वाटण्याचं जाहीर केलं. ‘हा पुरस्कार सर्वांचा’ हे वाक्य खरं करायचं तर ते असं, रकमेसकट. मी पैजेवर सांगतो, आपल्या सभागृहात ‘सर्वांचा’ म्हटल्यावर कुणी पाकीट उघडून समोरच्यांत वाटायला लागला, तर पहिला घाबरेल तो आयोजक.

सगळा दोष सत्कारमूर्तीच्या माथी मारणंही बरोबर नाही. त्याला लहान व्हायला भाग पाडतं ते मानपत्र. ‘आपले कार्य हिमालयाएवढे उत्तुंग, आपले मन सागराएवढे विशाल, आपण म्हणजे चालते-बोलते विद्यापीठ.’ इतकं ऐकल्यावर शहाण्या माणसानं काय म्हणावं? ‘हो’ म्हणाला तर वेडा, ‘नाही’ म्हणाला तर नम्र. ही मानपत्रं डीटीपीवाल्याकडे तयारच असतात. नाव बदललं की पुढच्या महिन्यात डॉक्टरांचं मानपत्र बिल्डरला चालतं, कारण त्यात दोघांपैकी कुणाच्याच कामाचा एक शब्द नसतो. वाढवून केलेल्या स्तुतीला वाढवून केलेली नम्रता हेच उत्तर असतं. दोघंही समोरच्याचं खोटं ओळखतात आणि टाळ्या वाजतात.

तेव्हा सुरुवात आयोजकांनी करावी. मानपत्रात विशेषणं छापायचीच असतील तर दोन छापा, पण त्याआधी माणसानं काय केलं ते लिहा. कोणत्या वर्षी, कुठे, किती मुलं शाळेत परत आणली, किती मागांची दुरुस्ती केली, कोणती विहीर साफ करून घेतली. त्यात कोण कोण होतं, त्यांची नावं घाला, आणि त्यातल्या दोघांना तरी व्यासपीठावर खुर्ची द्या. पुरस्कार अर्जावरून दिला असेल तर तसं पत्रिकेवर छापा. निवड कुणी केली, तेही छापा. असं मानपत्र हातात पडलेल्या माणसाला हिमालय नाकारण्याचा वेळ लागणार नाही. तो तीन मिनिटांत म्हणेल, ‘हो, हे मी केलं. यातला दुसरा मुद्दा माझ्यापेक्षा अमक्याचा जास्त आहे, तो तिसऱ्या रांगेत बसलाय. विहिरीचं काम अजून अर्धं राहिलंय, पावसाळ्याआधी संपवायचंय, कुदळ-फावडी घेऊन रविवारी या.’